घरातलं कबूल, कोर्टातलं कबूल

प्रिय भाऊराया,

आधी आनंदाची बातमी सांगते, कारण तुझ्या काळजाचा मला भरवसा नाही. आम्ही दोघी धडधाकट आहोत, घर जागेवर आहे, आणि दंततंत्रज्ञ मंडळाच्या यादीत आपल्या भिंगरीचं नाव लागलं आहे. तुझी लेक आता कायद्याने, सहीशिक्क्यासह, लोकांसाठी दात बनवू शकते. गेल्या वर्षी बोटीवर चढताना तू म्हणाला होतास, "ताई, माझ्या कवळीची वेळ येईपर्यंत हिचं शिक्षण पुरं व्हायला हवं." झालं पुरं. आता तू दात पाडायला मोकळा आहेस.

एवढंच सांगायचं असतं तर रविवारच्या फोनवर सांगितलं असतं. पण मला आणखी बरंच सांगायचं आहे, आणि फोनवर तू गप्प झालास की मला कळत नाही, लाईन तुटली की तू. तुझ्या गप्प बसण्याला मी लहानपणापासून भिते. तीस वर्षं मी कारखान्यांच्या फाटकांबाहेर, मैदानांत, ट्रकच्या फळीवर उभी राहून बोलत आले. दिवसा ग्रंथालयात फाटकी पुस्तकं शिवायची आणि संध्याकाळी त्याच पुस्तकांतलं मिठमसाला लावून लोकांना ऐकवायचं, हा माझा जन्मभराचा उद्योग. मालकांना भ्याले नाही, पोलिसांना भ्याले नाही. तुला भ्याले आणि नऊ महिने एक गोष्ट पोटात ठेवली. आता ती ऐक, आणि मध्ये उठून डेकवर फेऱ्या मारू नकोस. शेवट गोड आहे, हे वर लिहिलंच आहे.

नऊ महिन्यांपूर्वी भिंगरीने दुकानात चोरी केली.

हे वाक्य मी आधी चार तऱ्हांनी लिहून पाहिलं. "तिच्याकडून जरा घोटाळा झाला." "एक वस्तू अनवधानाने सोबत आली." पोरीने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "आत्या, वस्तूला पाय नव्हते. क्रियापद नीट वापर." म्हणून नीट वापरलं. वस्तू म्हणजे एक ब्रश. शून्य नंबरचा, खऱ्या केसांचा, टोकाला सुईसारखा. तुला वाटेल दात पांढरा असतो, त्यात काय रंगवायचं. मलाही तसंच वाटायचं. पण खरा दात हिरडीपाशी पिवळसर असतो, मध्ये दुधाळ आणि कडेला किंचित निळा, आणि हे सगळं नखाएवढ्या जागेत उतरवायचं तर ब्रश तसाच लागतो. विद्यालयातले ब्रश दहा जणांनी वापरून झाडूसारखे झालेले, आणि दुसऱ्या दिवशी वार्षिक परीक्षेचं प्रात्यक्षिक. ती त्या चार मजली दुकानात गेली, ब्रश निवडला, पैसे देणाऱ्यांची रांग जिन्यापर्यंत पोचलेली पाहिली, आणि ब्रश बाहीत सरकवून दाराकडे चालू लागली. दारात पहारेकरीण होती. तिने खांद्यावर हात ठेवला.

त्या दुकानात पाटीच लावलेली आहे की चोरी कितीही लहान असो, पोलिसांना कळवलं जाईल. कळवलं गेलं. चौकीत तिचा समोरून आणि बाजूने फोटो काढला, दहाही बोटांचे ठसे घेतले, चोरीचा आरोप लिहिला आणि कोर्टाची तारीख हातात दिली. मी जामीन द्यायला धावले. कागदावर "आरोपीशी नाते" असा रकाना होता, मी ठसठशीत अक्षरांत "आत्या" लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. अंमलदार म्हणाला, "बाई, तुमचं नाव पण लागेल. नुसत्या आत्या आमच्याकडे पुष्कळ येतात." एरवी मी त्याला सोडला नसता. त्या दिवशी मुकाट्याने नाव लिहिलं. काकांच्या लग्नापासून आजपर्यंत मी मुकाट्याने काही केल्याचं तुला आठवतं का? यावरून ओळख काय अवस्था होती.

चौकीतून घरी येईतो मात्र माझी वाचा परत आली. रस्त्यावरच मी बचावाचं भाषण सुरू केलं. दिवे, आरसे आणि मोह यांवर चालणाऱ्या दुकानांनी आधी तरुणांना भुलवायचं आणि मग पकडायचं, गरजवंताच्या हातात बेडी आणि लुटारूच्या गळ्यात हार, असं काहीबाही. दोन माणसं थांबून ऐकायलाही लागली होती. भिंगरी माझ्या पुढे चार पावलं होती. ती वळली आणि म्हणाली, "आत्या, माझ्या पिशवीत पैसे होते." माझं भाषण तिथेच बसलं. मग तिने का घेतला, हे मी तिला घरी गेल्यावर विचारलं. ती म्हणाली, "रांग मोठी होती." एवढंच. तुझ्यावर गेली आहे, पन्नास पैशांचं बोलते आणि सुट्टे परत घेते.

आता माझी चूक. ती तिच्या चुकीपेक्षा मोठी आहे आणि ती मी कुठल्याही वकिलाच्या सल्ल्याशिवाय केली. आपल्या बाबांचा कायदा एका कलमाचा होता, आठवतो ना? चूक केली तर समोर यायचं, "कबूल" म्हणायचं, कारणं सांगायची नाहीत. मग विषय संपला, पुन्हा कुणी काढायचा नाही. घरमालकाची काच तू फोडलीस तेव्हा मी तुझ्या वतीने अर्धा तास बोलले होते, वाऱ्यावर, चेंडूवर आणि काचेच्या दर्जावर. तू मला बाजूला सारून "कबूल" म्हणालास, आणि बाबांनी तुझ्या हातात लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, गोळा दिला, नवी काच बसवायला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की एक शब्द माझ्या अर्ध्या तासाला पुरून उरतो. भिंगरीला आपण दोघांनी तोच शब्द पाजून वाढवलं. म्हणून कोर्टाच्या आदल्या दिवशी मी तिला समोर बसवून म्हणाले, "सरळ उभी राहा, न्यायाधीशांच्या डोळ्यांत बघ आणि कबूल म्हण. आपल्याला वकील नको. खरं बोलणाऱ्याला दुभाषा लागत नाही." ती म्हणाली, "तेच म्हणणार होते." मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू. झेंडा फडकवत मी पोरीला खड्ड्याकडे घेऊन चालले होते.

कोर्ट म्हणजे एक लांब ओसरी, दोन्ही बाजूंना बाकं, भिंतीवर नावांची यादी आणि यादीसमोर माना उंचावलेली माणसं. एक कारकून फिरून सगळ्यांना सांगत होता, अगदी मायेने, "कबूल म्हणा, दंड भरा, जेवणाच्या सुट्टीआधी घरी." आमच्या आधीचा एक तरुण तसं करून बाहेर आला. किल्ली बोटावर फिरवत, शीळ घालत गेला. मी भिंगरीला म्हटलं, बघ, पाच मिनिटांचं काम. आमच्या बाकावर एक वकीलबाई फायली लावत बसल्या होत्या. ज्यांना वकील परवडत नाही त्यांची प्रकरणं कोर्ट त्यांना देतं. त्या सकाळी त्यांच्याकडे अकरा होती. काळा कोट आणि पायांत पळायचे बूट. सहज विचारावं तसं त्यांनी भिंगरीला विचारलं, "काय शिकतेस?" ही म्हणाली, "कवळ्या बनवायला." वकीलबाईंचा फायलीवरचा हात थांबला. त्या काही बोलणार, तेवढ्यात शेजारच्या खोलीत त्यांचा पुकारा झाला आणि त्या गेल्या.

मग भिंगरीचा पुकारा झाला. न्यायाधीश वयस्कर, नाकावर चष्मा, आणि "स" म्हणताना बारीकशी शिट्टी वाजायची. आरोप वाचून होत होता आणि ही माझ्या कानात म्हणते, "वरची कवळी अर्धा मिलिमीटर सैल आहे." मी चिमटा काढला. न्यायाधीशांनी विचारलं, "आरोप कबूल आहे का?" ती पुढे झाली, सरळ उभी राहिली, मी शिकवलं होतं तशी डोळ्यांत बघू लागली. तोंड उघडलं. आणि मागून दार आपटलं, बूट करकरले, "साहेब, दहा मिनिटं द्या. या मुलीला अजून कायदा कुणी सांगितलेला नाही." न्यायाधीश म्हणाले, "वकीलबाई, ओसरीत धावायला बंदी आहे." त्या म्हणाल्या, "चालतच होते साहेब, जरा लवकर." दहा मिनिटं मिळाली.

ती दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. वकीलबाईंनी आम्हाला जिन्याखाली उभं केलं आणि बोटांवर मोजून सांगितलं. "कबूल म्हटलं की आजच्या आज ती दोषी ठरेल. दंड किरकोळ आहे, तो विसरून जाल. पण दोषी ठरल्याची नोंद कोर्टाच्या वहीत राहील. उद्या मंडळाचा फॉर्म आला की त्यात विचारतील, कधी दोषी ठरला आहात का? हिला 'हो' लिहावं लागेल. चोरीसाठी दोषी ठरलेल्याला मंडळ पाच वर्षं परवाना नाकारू शकतं, आणि बहुतेक वेळा नाकारतं. नोकरीचा फॉर्म, परदेशी जायचा फॉर्म, बोटीवर काम घ्यायचं म्हटलं तरी तोच प्रश्न." मी विचारलं, तो मघाचा मुलगा तर शीळ घालत गेला. त्या म्हणाल्या, "त्याला ते फॉर्म अजून यायचे आहेत." मग मला जे म्हणाल्या ते मी भाषणात वापरणार आहे, परवानगी घेतली आहे. "तुमच्या घरी कबूल म्हटलं की विषय संपत असेल. इथे कबूल म्हटलं की विषय सुरू होतो."

मी ऐकते थोडीच. मी म्हटलं, सत्याला दोन खोल्या नसतात. त्या घड्याळ बघत म्हणाल्या, "सत्याला नसतील, कोर्टाला सतरा आहेत. तुम्ही चुकीच्या खोलीत खरं बोलायला निघाला आहात." पण खरी अडचण भिंगरीची होती. ती भिंतीला टेकून म्हणाली, "मी घेतला नाही असं मी म्हणणार नाही. परवाना गेला तरी चालेल." भाऊराया, तिथे तिच्या तोंडून तू बोलत होतास, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की तुझ्यासारखं बोललेलं दर वेळी चांगलं नसतं. वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "खोटं बोल असं मी कुणालाच सांगत नाही. आज उत्तर देऊ नकोस, एवढंच सांगते. वय वीसच्या आत, पहिलीच वेळ, वस्तू परत मिळाली. अशांसाठी कायद्यात दुसरी वाट आहे. कोर्टाच्या देखरेख अधिकारी तुझ्या घरी येतील, त्यांना सगळं खरं सांग, अक्षरन् अक्षर. त्या न्यायाधीशांना अहवाल देतील. त्यांना पटलं तर ते प्रकरण सहा महिने थांबवून ठेवतील, अटी घालतील, हजेरी, बिनपगारी काम असं काही. त्या पाळल्यास तर दोषी न ठरवता प्रकरण बंद. मोडल्यास तर आजच्यापेक्षा वाईट." भिंगरीने विचारलं, "म्हणजे कबूल म्हणायचं, पण काम करून?" वकीलबाई पहिल्यांदा हसल्या. "असं कुणी मला अजून म्हटलं नव्हतं," म्हणाल्या, आणि पुढची तारीख मागायला आत गेल्या. चालत, जरा लवकर.

पुढच्या तारखेपर्यंत महिना होता, आणि रिकामा महिना मिळाला की मी काय करते ते तुला माहीत आहे. मी भिंगरीसाठी निवेदन लिहिलं. चार पानं. इतिहास, अर्थशास्त्र, मानवी मनाची दुर्बलता, सगळं होतं त्यात. वकीलबाईंनी पहिला परिच्छेद वाचला आणि म्हणाल्या, "फार छान आहे. हे तुम्ही मैदानात म्हणा, टाळ्या पडतील. इथे म्हणालात तर पोरीला दोन अटी जास्त पडतील." मी दुखावले, आणि दुखावले की माझा राग कुणावर तरी निघायलाच हवा, म्हणून त्या दुकानात गेले, पहारेकरणीला जाब विचारायला. ती मागच्या जिन्यावर डबा खात बसली होती, बूट काढून. पाय सुजून टम्म. मी सुरुवात केली, "एका कोवळ्या पोरीला..." ती म्हणाली, "बाई, बसून बोला. वर बघून माझी मान दुखते." बसले. ती म्हणाली, "तुमची पोर पळाली असती तर सुटली असती. मला धावता कुठे येतं? पण ती पळाली नाही. मी विचारायच्या आधी ब्रश काढून दिला आणि म्हणाली, मी घेतला. तसंच मी लिहून दिलंय. मॅनेजर म्हणाला, शेवटची ओळ काढा. मी म्हटलं, घडलं ते लिहायचा मला पगार मिळतो." आठ तास उभं राहायचं, खुर्ची नाही, आणि ही बाई माझ्या भाचीसाठी मॅनेजरशी भांडली होती, तिचं नावही ठाऊक नसताना. मी तीस वर्षं कष्टकऱ्यांची बाजू घेते म्हणवते, आणि समोर कष्टकरी बसली होती तर तिला झोडायला निघाले होते. तिच्या डब्यातला घास तिने मला दिला, तो मी निमूट खाल्ला. निघताना तिची सही घेतली, पहारेकऱ्यांना बसायला मिळावं या अर्जावर. पुढच्या महिन्यात दुकानाच्या चारही दारांत उंच स्टुलं आली. भिंगरीच्या ब्रशाने कुणाचं काही भलं झालं असेल तर हे.

दुसऱ्या तारखेला माझी चार पानं भिंगरीच्या पिशवीत होती, निदान मला तरी तसं वाटत होतं. अधिकारीबाईंचा अहवाल वाचून झाला, पहारेकरणीची ती ओळही न्यायाधीशांनी मोठ्याने वाचली. दुकानाच्या माणसाचं म्हणणं होतं, उदाहरण घालून द्यायला हवं. न्यायाधीशांनी भिंगरीकडे बघून विचारलं, "तुला काही सांगायचं आहे?" मी मनात म्हटलं, काढ पानं. तिने पिशवीला हातही लावला नाही. म्हणाली, "माझ्याकडे पैसे होते. रांगेत पंचवीस माणसं होती. मला वाटलं, माझं काम त्यांच्यापेक्षा महत्त्वाचं आहे. ते वाटलं तिथेच चोरी झाली, बाही नंतरची गोष्ट." आणि थांबली. मी आजवर दहा हजारांच्या सभा गाजवल्या आहेत, पण एवढ्या कमी शब्दांत मला कधी जमलं नाही. माझी चार पानं ती घरी टेबलाच्या पायाखाली ठेवून आली होती, हे नंतर कळलं. टेबल डुगडुगत होतं म्हणे.

सहा महिने मिळाले. दर पंधरा दिवसांनी अधिकारीबाईंकडे हजेरी, दुकानाला लेखी माफी, तोवर त्या दुकानात पाऊल नाही, आणि साठ तास वृद्धाश्रमात बिनपगारी काम. पहिल्या शनिवारी तिच्या हातात बादली आणि फडकं दिलं. न्हाणीघर पुसताना तिला फळीवर चौदा पेले दिसले, प्रत्येकात एक कवळी, आणि पेल्यांवरची नावं पाण्याने पुसून गेलेली. तिने मदतनिसाला विचारलं, कुणाची कुठली कसं ओळखता? तो म्हणाला, "ताई, अंदाजाने." या पोरीच्या अंगात वीज शिरली. दुसऱ्या शनिवारी तिने विद्यालयातून आरसा, मेण आणि घासायचे दगड नेले, परवानगी काढली आणि एकेकाचं तोंड बघायला बसली. तिथे एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत आणि एक शिंपीणबाई. दोघी वर्षभर एकमेकींची खालची कवळी घालत होत्या, आणि दोघी मिळून स्वयंपाक्याला शिव्या देत होत्या की तो पाव चामड्याचा करतो. भिंगरीने ज्याची त्याला दिली आणि प्रत्येक कवळीच्या आतल्या बाजूला नाव लिहून त्यावर पारदर्शक थर चढवला. आता पुसायचं नाव नाही. त्या दुपारी मुख्याध्यापिकांनी सफरचंदाचा चावा घेतला तो आवाज मी दारातून ऐकला, मी तिला न्यायला गेले होते. सगळी पंगत थांबली. स्वयंपाकी बाहेर आला आणि म्हणाला, "आता बोला, पाव कसा आहे?" शिंपीणबाई म्हणाल्या, "वाईटच आहे, पण आता चावून सांगते." साठ तासांचे एकाहत्तर झाले. अधिकारीबाईंनी तिला बजावलं, "जास्तीचे अकरा तास पुढच्या गुन्ह्यासाठी जमा होत नाहीत हं."

गेल्या महिन्यात शेवटची तारीख होती. न्यायाधीशांनी अहवालातलं कवळ्यांचं पान दोनदा वाचलं, आणि वाचता वाचता त्यांचा हात नकळत गालाकडे गेला. मी भिंगरीकडे बघायचं टाळलं, नाहीतर आम्ही दोघी तिथेच फुटलो असतो. मग त्यांनी सही केली. दोषी न ठरवता प्रकरण बंद. सगळं मिळून तीन मिनिटं. बाहेर आल्यावर वकीलबाईंना मी मिठी मारली, तेव्हा त्यांच्या हातात फायली होत्या आणि त्या पुढच्या पुकाऱ्याला निघाल्या होत्या, त्यामुळे मिठीतही त्या चालतच होत्या. नंतर मंडळाचा फॉर्म आला. "कधी दोषी ठरला आहात का?" या प्रश्नापुढे भिंगरीने "नाही" लिहिलं. आणि ते खरं होतं. आणि परवा यादी लागली.

आता हे पत्र का, ते सांगते. वकीलबाईंनी शेवटच्या दिवशी हिला स्पष्ट सांगितलं होतं, "हे आता तू कुणालाही सांगायला बांधील नाहीस." कायद्याने तिला गप्प राहण्याचा हक्क दिला आहे, आणि मीही म्हटलं, तुझे बाबा दोन महिन्यांनी येतील, हसतील, कशाला त्यांच्या जिवाला घोर. परवाना काल टपालाने आला. जाड पाकीट, वर मंडळाचा शिक्का. ते टेबलावर पडून आहे. मी तीनदा चाकू पुढे केला, तिने तीनदा परत ठेवला. म्हणते, "बाबांना माहीत नसताना त्यावरचं माझं नाव मला वाचायचं नाही." स्वतः लिहायला बसली, सहा कागद फाडले, मग माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आत्या, तू लिही, पण मी वाचणार." वाचलं. तिची तारीफ असलेली दोन पानं तिने काढून टाकली आहेत, माझ्या चुकीचा परिच्छेद मात्र तसाच ठेवला. तेव्हा भाऊराया, पुढच्या बंदरावर उतरलास की रविवारच्या फोनची वाट न बघता आधी तारघर शोध, मग चहा. उपदेश नको, तो या घरात मी मुबलक पुरवते. गप्प तर मुळीच बसू नकोस. आम्ही दोघी त्या पाकिटासमोर बसून आहोत. तू फक्त एक शब्द धाड. "उघड."

तुझीच,
तोंडाळ ताई